सीमाभागातल्या शाळेतला गाण्याचा तास: थोडी पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत गाण्याच्या तासाचा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते: मुलं आवरत नाहीत. एका पेटीपुढे चाळीस-पन्नास मुलं बसवल्यावर दुसरं काय होणार? पण इतक्या मुलांना एकदम गाणं शिकवायची कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. ज्यांनी ती रुजवली, त्यांनी वर्ग आवरायची सोय शिकवण्यातच करून ठेवली होती.

त्याआधी गाणं म्हणजे गुरूसमोर एकट्याने बसणं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला कुरुंदवाडचा मुलगा, विष्णु दिगंबर पलुस्कर, याच वळणाचा. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ठरलेली वेळ, छापील पुस्तक, इयत्ता, परीक्षा असा शाळेचा सगळा थाट गाण्याला आणला. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून होती, तेव्हा पहिलेपणाचा मान एकट्या पलुस्करांना देता येत नाही. मात्र आपल्या भागात रुजली ती त्यांचीच शिस्त. ते गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द बेळगावच्या घराघरांत आले ते मंडळाच्या परीक्षांमुळे.

या शिस्तीचं मर्म हातात आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा: पहिलीला, पाचवीला, तेरावीला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता उलटा. पन्नास मुलं टाळी देत ‘सारेग, रेगम, गमप’ म्हणू लागली की शेजाऱ्याला कोपर मारायला हात मोकळा राहत नाही. आणि खालीच्या जागी ज्याची टाळी वाजली तो न ओरडता सापडतो, सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो. वर्ग गप्प करण्यासाठी पट्टी आपटण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फळ्यावरच्या लेखनाला मात्र पलुस्करांची पद्धत जड जायची. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांची सोपी: कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढलेल्या) मध्यमाच्या डोक्यावर उभी. ती पाचवीच्या मुलालाही वाचता येते.

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि शिक्षकांची घडण त्याच व्यवस्थेत व्हायची. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात तर काही वर्षं खुद्द नामवंत गायक भास्करबुवा बखले संगीत शिकवत होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या झाकीर हुसेन यांच्या समितीने आखलेल्या वर्धा शिक्षण योजनेनेही संगीताला अभ्यासक्रमात जागा दिली होती. शहरातली खरी मदार मात्र खासगी वर्गांवर. कागवाडला जन्मलेले पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय चालवलं. संध्याकाळी अशा वर्गाला जाणारं मूल सकाळी शाळेच्या प्रार्थनेत सूर लावायचं आणि बाकीची त्याच्यामागून जायची.

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळता जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. पुस्तकं मराठीत राहिली, अभ्यासक्रम बेंगळुरूचा झाला. कर्नाटकाच्या ज्युनियर, सिनियर, विद्वत या वेगळ्या संगीत परीक्षा आहेत, तरी मराठी घरांचा ओढा मंडळाकडेच राहिला. त्याचा एक तोटा आहे. चंदगडच्या मुलाला अशा परीक्षांचे वाढीव गुण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत मिळतात. तीच परीक्षा दिलेल्या खानापूरच्या मुलाला ती सवलत लागू नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीसाठी, शाळेत शंभरावर मुलं असतील तर, कलेला अर्धवेळ शिक्षक सांगितला आहे. पण कला म्हटलं की चित्रकलाही आलीच, त्यामुळे गाणं बहुधा वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतं आणि स्नेहसंमेलन जवळ आलं की आठवतं.

त्या शिक्षकाची अडचण पुष्कळदा पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा याची असते. पुरुष शिक्षक आपल्या सोयीने काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) षड्ज, म्हणजे सा, धरतात, मुलांना काळी चारच्या आसपास सोपं जातं. खालच्या पट्टीत निम्मी मुलं पुटपुटतात, उरलेली वर जाऊन ओरडतात. दारावरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना तो दंगा वाटतो. आठवी-नववीत फुटलेल्या आवाजाची मुलं तर हसं होईल म्हणून तोंडच उघडत नाहीत. त्यांना टाळ द्यावेत, ठेका धरायला बसवावं. खानापूरकडच्या गावांत भजनी मंडळं हेच करत आली आहेत: ज्याचा गळा चालत नाही त्याच्या हातात टाळ, आणि मृदंगाशेजारी बसायची जागा. हरिपाठाला बसलेल्या पोराला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे वेगळं शिकवावं लागत नाही. शाळेच्या तासाला मात्र त्याची ही तयारी कुणी विचारात घेत नाही, त्यालाही पहिल्या अलंकारापासूनच (‘सारेग, रेगम’सारख्या स्वरांच्या पलट्यापासून) बसवतात.