रफ कट दाखवताना: प्रेक्षक नेमका कुठे अडखळला?

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी टकटक करून वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, सूर, वाद्यं सगळं चालू असतं. समोरच्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक.

म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यांचं हेच होतं. गाणं शेकडो वेळा ऐकलेलं, पटकथा तोंडपाठ, त्यामुळे पडद्यावर नसलेली गोष्टही त्यांना दिसत राहते. म्हणून एडिट अजून मोडता-जोडता येतो तेव्हाच रफ कट, म्हणजे व्हिडिओची कच्ची जुळणी, नव्या माणसांना दाखवायला हवा. पण ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त झालंय’ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि ‘का आवडलं नाही?’ विचारलं तर मिळणारं उत्तर पुष्कळदा दिशाभूल करतं.

हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ च्या त्यांच्या शोधनिबंधात एका दुकानातला प्रयोग दिला आहे. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडून ग्राहकांना सगळ्यांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी सगळ्यांत उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी उचलला, सगळ्यांत डावीकडचा फक्त १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर, जोड कुठे ठेवला होता याचा उल्लेख एकानेही आपणहून केला नाही. म्हणजे निवड खरी होती, पण तिचं कारण सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आमच्या मते व्हिडिओच्या बाबतीत यातून एकच पद्धत निघते: प्रेक्षकाकडून ‘कुठे’ घ्यायचं आणि ‘का’ आपण टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या शॉट्सच्या पट्टीवर, शोधायचं.

त्यासाठी गाण्याच्या ओळी एका कागदावर छापा आणि उजवीकडे रुंद समास सोडा. शब्द नसलेल्या जागीही ‘सुरुवातीचं संगीत’, ‘मधलं संगीत’ अशा ओळी घाला. व्हिडिओ आधी न सांगता-सवरता, न थांबवता एकदा पूर्ण दाखवा. मग पहिला प्रश्न: ‘यात काय घडलं ते दोन वाक्यांत लिहा.’ दुसऱ्यांदा दाखवताना प्रत्येकाने ओळींसमोर खुणा करायच्या. लक्ष उडालं तिथे फुली, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. बोलणं सगळ्यात शेवटी, कारण पहिल्याने ‘छान’ म्हटलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. जवळजवळ हेच काम अमेरिकेत लाझार्सफेल्ड आणि स्टँटन या संशोधकांचं यंत्र रेडिओ कार्यक्रमांसाठी करायचं: श्रोत्याच्या हाती एक हिरवं बटण, एक लाल, आणि सरकत्या कागदावर उमटणारी नोंद.

माणसं किती हवीत? समजा, एखादा दोष तीनपैकी एकालाच खटकतो. मग सहा जणांत तो निदान एकाला तरी खटकण्याची शक्यता ९१ टक्के आहे. व्हॉट्सॲपवर साठ जणांना लिंक पाठवण्यापेक्षा खोलीत बसलेले सहा जण जास्त उपयोगी पडतात. मात्र ते शूटिंगला हजर असलेले नकोत.

आता खुणा वाचणं. बटण असो की पेन, माणूस खटकल्यानंतर काही सेकंदांनी खूण करतो. म्हणून खुणेच्या आधीचे पाचेक सेकंद नीट पाहा. कारण कधी त्याहूनही खूप मागे असतं. समजा, दुसऱ्या कडव्यात मुलगी एसटीत बसून गाव सोडते आणि सहापैकी चौघांनी तिथे फुली मारून ‘लांबतंय’ लिहिलंय. गट लगेच ते कडवं छाटायला घेतो. पण पहिल्या प्रश्नाची उत्तरं पाहिली तर ती का निघाली हेच कुणाला कळलेलं नाही, कारण पहिल्या कडव्यातलं नोकरीचं पत्र लांबच्या शॉटमध्ये जेमतेम २५ फ्रेम, म्हणजे एक सेकंद दिसतं. तिथे क्लोजअप घेऊन तो ६० फ्रेमपर्यंत वाढवला, तर एसटीचा प्रवास न कापताही लांबट वाटणार नाही.

दुसरा नेहमीचा शेरा: ‘शेवटी शेवटी गाणाऱ्याचा अभिनय कृत्रिम वाटतो.’ अभिनयाकडे जाण्याआधी ओठ आणि आवाज जुळतात का ते तपासा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की लक्षात येतो, मागून आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. याचा संबंध निसर्गाशी असावा: २० मीटरवर बोलणाऱ्याचे ओठ आधी दिसतात, आवाज सुमारे ५८ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि मेंदूला त्याची सवय आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी आला की प्रेक्षकाला काहीतरी खोटं वाटू लागतं, पण तो बोट ठेवतो अभिनयावर.

दोष फक्त शेवटीच का? सेकंदाला २९.९७ फ्रेमचं चित्रण सॉफ्टवेअरने ३० चं धरलं तर हजारात एकाचा फरक पडतो. साडेतीन मिनिटांच्या अखंड शॉटमध्ये तो साठत साठत २१० मिलिसेकंद, म्हणजे ३० च्या हिशेबाने सुमारे सहा फ्रेम होतो. मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) तर चित्रण चालू असतानाच कमी-जास्त होत राहतो. म्हणून क्लिप एडिटला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. आणि प्रेक्षकांना दाखवताना ब्लूटूथ स्पीकर नको. त्याचा आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो, आणि धड असलेल्या एडिटवर फुल्या येतात. वायरचा स्पीकर लावा.

दुरुस्त केलेला कट मात्र त्याच सहा जणांना दाखवून उपयोग नाही, त्यांना आता गोष्ट माहीत आहे. वर्गातले बारा जण मिळणार असतील तर सुरुवातीलाच सहा-सहा करून ठेवा. दोन पर्यायी कट तपासायचे असतील तर तिघांना आधी पहिला आणि तिघांना आधी दुसरा दाखवा. नाहीतर मोज्यांसारखं होतं, कुठला कट कधी दाखवला यावरच निवड ठरते. नव्या कागदावर जुन्या फुल्या गेल्या पण पुढच्या ओळीवर नव्या आल्या, असंही होतं. मग पुन्हा त्या ओळीआधीचे पाच सेकंद.