समुद्र सरकला, माझू तिथंच राहिली

सिंगापूरच्या तेलोक आयर स्ट्रीटवर थियान हॉक केंग नावाचं माझू देवीचं देऊळ आहे. आम्ही चौघं तिथं पोचलो ते भर दुपारी. लाल दारं, सोन्याचा मुलामा, छतावर ड्रॅगन. फोटो काढून झाल्यावर एकाने विचारलं, "ही दर्यावर्द्यांची देवी म्हणता, मग समुद्र कुठंय?" समोर रस्ता, त्यापलीकडे ऑफिसांचे मनोरे. प्रश्न अगदी रास्त होता.

मलय भाषेत तेलोक म्हणजे उपसागर आणि आयर म्हणजे पाणी. रस्त्याचं नावच उत्तर सांगतं. 1819 मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्सने ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवलं आणि दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातून होक्कियन बोलणारी माणसं शिडाच्या जंक गलबतांतून येऊ लागली. ती उतरायची ती याच किनाऱ्यावर. वादळ, चाचे, रोगराई यांतून जिवंत पोचलेला माणूस आधी काय करणार? माझूपुढे उदबत्ती लावणार. माझू म्हणजे परंपरेप्रमाणे दहाव्या शतकातली, मेझोऊ बेटावरची लिन घराण्यातली मुलगी. बुडणाऱ्यांना तारणारी म्हणून पुढे देवी झाली.

सुरुवातीला तिथं एक साधं छोटं देऊळ होतं. आजची वास्तू 1839 ते 1842 या काळात उभी राहिली. मोठी वर्गणी दिली ती मलाक्क्यात जन्मलेल्या तान तोक सेंग या व्यापाऱ्याने. सिंगापुरातलं एक मोठं रुग्णालय आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पैसा इथला, पण कोरीव लाकूड आणि दगडी खांब मायदेशातून गलबतांनी आले. देवीची मूर्तीही 1840 मध्ये चीनहूनच आली आणि तिची वाजतगाजत मिरवणूक निघाली. लोखंडी कठडा मात्र ग्लासगोचा! बंदराचं गाव म्हटलं की असंच व्हायचं.

रंगांकडे जरा जवळून बघा. छताच्या टोकाशी वळवळणारे ड्रॅगन रंगवलेले वाटतात, पण ते चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बेतून, एकेक खवला जुळवत चिकटवलेले असतात. दक्षिण चिनी कारागिरांची ही खासियत. म्हणूनच उन्हापावसात रंग विटत नाही. आत मान वर केलीत तर तुळया पेलून धरलेली कोरीव माणसं दिसतील. त्यातली काही चक्क हिंदुस्थानी वळणाची आहेत. याच रस्त्यावर, त्याच सुमारास तमिळ मुसलमान चुलियांनी नागोर दर्गा बांधला होता. कारागिरांना नमुने शोधायला लांब जावं लागलं नसणार.

मग 1880 च्या सुमारास इंग्रजांनी उपसागर भरून काढला. पाणी मागे हटलं, नव्या जमिनीवर रस्ते आणि इमारती आल्या आणि किनाऱ्यावरची देवी शहराच्या पोटात गेली. तरी 1907 मध्ये चीनच्या ग्वांगश्यू बादशहाने देवळाला दिलेल्या लेखात दक्षिण समुद्राच्या शांत लाटांचाच उल्लेख आहे.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते मागच्या दालनात. तिथं ग्वानयिन आहे, करुणेची देवी. ती मुळात आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर! बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि काही शतकांत तिथं स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. छत्रपती संभाजीनगरच्या सातव्या लेण्यात आठ महाभयांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलाय. त्या आठांत फुटणारं गलबतही आहे. मला तरी पुढची माझू आणि मागची ग्वानयिन एकाच कामावर नेमल्यासारख्या वाटल्या.

हा प्रकार बघायला विमानच पकडायला हवं असं नाही. मुंबईत माझगावात, गोदीपासून जवळच, 1919 चं सी यिप देऊळ आहे. कँटनच्या बाजूने आलेल्या चिनी लोकांनी बांधलेलं. बाहेरून साधी जुनी इमारत. जिना चढून वर गेलात की लाल रंग, उदबत्तीचा धूर आणि शौर्याचा, न्यायाचा देव, दाढीवाला क्वान कुंग. समुद्र तिथूनही दिसत नाही.