जगबुडी, दुसऱ्या दिवशी

पुण्यातल्या आमच्या चित्रपट मंडळाच्या पुढच्या खेळाला जग संपल्यानंतरचा, कमी पैशांत केलेला एक विज्ञानपट ठेवला आहे. त्याची गोष्ट इथे फोडत नाही. पत्रकासाठी पार्श्वभूमीची दोन पानं लिहून द्या असं मला सांगण्यात आलं, आणि त्यांतलं बरंचसं एका शब्दाच्या भांडणात गेलं. ते खाली येईलच.

आधी हिशेब. जग बुडताना दाखवायचं तर पैसा लागतो. पूल कोसळायला हवेत, इमारती पेटायला हव्यात, हजारभर माणसं पळायला हवीत. जग बुडून गेल्यानंतरचा मंगळवार मात्र एका पडक्या वाड्यात, दोन नट आणि गोणीभर माती एवढ्यात उरकतो. म्हणून हा प्रकार खिसा फाटलेल्यांच्या हाती लागला आणि तिथेच रुजला. १९६२ चा 'ला जेते' हा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट जवळपास सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसखालच्या भुयारांत राहणारी माणसं, निवेदकाचा आवाज, आणि अख्ख्या चित्रपटात हलतं दृश्य एकच : पडलेली एक बाई डोळे उघडते. १९६४ च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'मधलं लॉस एंजेलिस हे खरं तर रोम आहे. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका शेतघरात, साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं. ऐन वेळी नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि चित्रपट सगळ्यांचा झाला. जगभरातल्या फिल्म सोसायट्यांनी तो फुकट दाखवला, त्याचं श्रेय त्या गळालेल्या ओळीला द्यायला हवं.

१९६५ च्या 'द वॉर गेम'ची गोष्ट वेगळी. अणुबॉम्ब पडल्यावर इंग्लंडच्या केंट परगण्यात काय होईल, हे तिथल्याच साध्या माणसांना कॅमेऱ्यापुढे उभं करून, बातमीपटासारखं चित्रित केलेलं. ज्या प्रसारण संस्थेने तो करवला, तिनेच तो वीस वर्षं दूरचित्रवाणीवर दाखवला नाही. मधल्या काळात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. न घडलेल्या घटनेचा माहितीपट! त्याचा हलता कॅमेरा आणि रेडिओवरच्या सूचना वाचणारा कोरडा आवाज आजही या प्रकारात पुन्हा पुन्हा भेटतो.

आता तो शब्द.

'पोस्ट-अपोकॅलिप्टिक'ला मराठीत 'प्रलयोत्तर' म्हणायचं, असं बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत ठरत आलं होतं. हरकत माझी होती. एक तर मूळ ग्रीक शब्दाचा प्रलयाशी संबंध नाही. त्याचा अर्थ पडदा दूर होणं, उघड होणं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं मराठी नाव 'प्रकटीकरण' आहे, ते बरोबरच आहे. त्या पुस्तकात जगाच्या अंताची वर्णनं आली म्हणून शब्दाला अंताचा अर्थ चिकटला. पण ते इंग्रजीचं दुखणं, आपण सोडून देऊ. आपल्याकडचं पाहू. प्रलय म्हणजे लय पावणं, विरून जाणं. पुराणांत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. नित्य म्हणजे रोजचं मरण. नैमित्तिक म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस मावळल्यावरचा. प्राकृतिक प्रलयात पंचमहाभूतंही प्रकृतीत विरतात. आणि आत्यंतिक म्हणजे तर मोक्षच. मोक्षानंतर गॅसचा मुखवटा घालून बिस्किटांचे डबे शोधत फिरणारा माणूस उरेल कसा?

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मनूची नाव काढली. मासा, शिंगाला बांधलेला दोर, सप्तर्षी, बी-बियाणं : उरलेच की! मान्य. पण मनूला आधी कळवलेलं होतं, त्याची नाव तयार होती, बी भरलेलं होतं. आपल्या चित्रपटांतल्या माणसांना कुणी कळवलेलं नसतं, आणि ती नव्या मानववंशाची मूळपुरुष वगैरे होत नाहीत. बहुतेकदा त्यांना फक्त पेट्रोल हवं असतं.

माझा शब्द होता जगबुडी. चांगला, घरातला, वापरून गुळगुळीत झालेला शब्द. 'एवढी काय जगबुडी आली?' असं आजी विचारते, तेव्हा जग बुडालंय असं समजलं तरी विचारायला आजी शिल्लक आहेच. मराठीत जगबुडी आली तरी कुणीतरी उरतं, हे त्या शब्दाच्या वापरातच आहे. मला वाटतं, या सगळ्या चित्रपटांचा विषय तोच आहे. उत्तर आलं की जगबुडीत पाणी आहे आणि आपल्या चित्रपटात थेंबभर पाणी नाही, सगळी पात्रं त्यासाठीच भांडतात. दुसरं असं, की पत्रकावर 'जगबुडीपट' छापलं तर लोक विनोदी चित्रपट समजून येतील. तिसरा मुद्दा मात्र मला लागला. पुण्यातल्याच एका खगोलशास्त्रज्ञाने 'हिमप्रलय' नावाची विज्ञानकथा लिहिली, तिच्यात बर्फ पडतो आणि माणसं उरतात. म्हणजे आधुनिक मराठीने प्रलय शब्द केव्हाच सैल केला आहे, तुम्ही एकटेच पुराणं धरून बसलात.

आणि पुण्यात तर तो शब्द सैल होऊन साठाहून जास्त वर्षं झाली. १२ जुलै १९६१. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचं धरण सकाळपर्यंत तगवलं म्हणून पाणी झोपेत आलं नाही. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्याला तेव्हापासून 'पानशेतचा प्रलय' म्हणतात. जुन्या माणसांशी बोलताना 'पूर' म्हटलं की साल सांगावं लागत नाही. 'हे घर पुराआधीचं', 'ती पुरानंतर सहकारनगरला गेली', अशी इथे कालगणना होती. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगर, जनवाडीसारख्या वस्त्या म्हणजे शब्दशः प्रलयोत्तर पुणे. चिखल उपसणं, भिंतीवरची पाण्याची रेघ, धरणच गेल्यामुळे पाण्यासाठी पुन्हा विहिरींकडे वळलेलं शहर. यात उडत्या तबकड्या तेवढ्या घातल्या की पटकथा तयार. गंमत म्हणजे हे सगळं मी जगबुडीच्या बाजूने मांडलं आणि ते प्रलयाच्या पारड्यात पडलं. पाच विरुद्ध दोन. पत्रकावर 'प्रलयोत्तर विज्ञानपट' छापलं आहे. या टिपणात मात्र मी माझाच शब्द वापरणार. हरलेल्या बाजूला तेवढी सवलत असावी.

(एक उपप्रश्न बैठकीत कुणी काढला नाही, म्हणून कंसात : 'कमी खर्चाचा' म्हणजे किती? पुढे ज्याबद्दल लिहितोय त्या 'ट्वेंटी-एट डेज लेटर'ला सुमारे ८० लाख डॉलर लागले आणि तरी तो कमी खर्चाचाच गणला जातो.)

मधली वर्षं भरभर. १९७९ मध्ये 'मॅड मॅक्स' साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये झाला. दिग्दर्शक पेशाने डॉक्टर होता, अपघात विभागात काम केलेला, आणि सुरुवातीच्या पाठलागात चेंदामेंदा होणारी गाडी त्याची स्वतःची. त्यात जग अजून बुडालेलं नाही, बुडत चाललंय. वाळवंट आणि टोळ्या दुसऱ्या भागापासून. त्याच वर्षीचा 'स्टॉकर' एस्टोनियात टॅलिनच्या आसपास घेतला. पहिल्या खेपेचं चित्रीकरण प्रयोगशाळेत वाया गेलं आणि पुन्हा करावं लागलं. १९८४ च्या 'थ्रेड्स'ने शेफिल्ड शहर उद्ध्वस्त केलं, तो ज्याने पाहिला त्याला विचारा. १९८५ चा न्यूझीलंडचा 'द क्वाएट अर्थ' : माणसं गायब, शहर शाबूत. हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

माझ्या पिढीची जगबुडी २००२ साली आली, 'ट्वेंटी-एट डेज लेटर'मधून. इस्पितळात शुद्धीवर आलेला तरुण मोकळ्या लंडनमधून चालत जातो, ते दृश्य. आम्ही ते खरखरीत प्रतीवर पाहिलं, आणि आमचं लक्ष त्या तरुणाकडे नव्हतंच. चित्र असं दिसतंय कसं? उत्तर कळलं तेव्हा रात्रभर झोप नाही. तो कॅनन एक्सएल-वन होता, मिनी-डीव्ही टेपवर चालणारा, दुकानात विकत मिळणारा कॅमेरा. लंडनचे रस्ते पहाटे एका वेळी मिनिट-दोन मिनिटंच अडवता येत होते. ३५ मिमी फिल्मचा कॅमेरा तेवढ्यात बसवूनही होत नाही. हे छोटे कॅमेरे एका वेळी कित्येक मांडता आले. मोटारी थांबवायला तरुण मुली उभ्या केल्या होत्या, म्हणजे चालक कमी चिडतात. शेवटचा भाग तेवढा खऱ्या फिल्मवर आहे, नीट बघितलं तर कळतं.

मिनी-डीव्ही तर आमच्याकडेही होती! पुण्यातला प्रत्येक लग्नाचा व्हिडिओवाला तेव्हा सोनीचा पीडी-१७० खांद्यावर घेऊन फिरत होता. लग्नाचे मुहूर्त संपले की तोच कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळे. मग सुरू झालं ते गनिमी काव्याचं चित्रीकरण : परवानगी नाही, ट्रायपॉड पिशवीत, पहाटे साडेपाचला अप्पा बळवंत चौक. वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुलं चौकटीत येतातच, म्हणून तीही जगबुडीतून वाचलेली ठरवायची. कॅमेरा हलवायचा नाही, एकच चौकट दहा मिनिटं घ्यायची, आणि नंतर संगणकावर जिथे जिथे ज्या क्षणी माणूस नाही तो तो तुकडा उचलून रिकामा रस्ता शिवायचा. ही क्लृप्ती जंगली महाराज रस्त्यावर छान चालते, पण त्या रस्त्याची एक अडचण आहे : वर्षानुवर्षं खड्डा न पडल्याचीच त्याची ख्याती. जग संपल्यावर तो कसा दाखवायचा?

२००८ नंतर फोटोच्या कॅमेऱ्यातूनच फुल एचडी व्हिडिओ निघू लागला आणि मिनी-डीव्हीची खरखर गेली. ती गेली याचं मला अजून वाईट वाटतं. बातम्यांतल्या चित्रासारखी दिसत असल्यामुळे ती खरी वाटायची. २०१० च्या 'मॉन्स्टर्स'ने पुढचं दार उघडलं. पाच लाख डॉलरपेक्षा कमी खर्च, गाडीत मावेल एवढी टोळी, वाटेत भेटतील ती माणसं नट, आणि दृश्यपरिणाम दिग्दर्शकाने स्वतः संगणकावर केलेले. त्यात राक्षस थोडे आहेत. खरं काम पाट्यांनी केलंय : रस्त्यावरचे फलक आणि भिंतींवरचे नकाशे बदलले की अख्खा प्रदेश 'बाधित' होतो. मराठीत २०२२ च्या जानेवारीत 'झोंबिवली' आला, त्याने डोंबिवली निवडली. पुण्याला अजून स्वतःचा झोंबी नाही.

२०२० ने सगळ्यांचीच पंचाईत केली. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, आणि महिनाअखेर लक्ष्मी रस्ता फुकटात रिकामा झाला. ज्यासाठी आम्ही पहाटे उठायचो ते भर दुपारी समोर होतं, आणि बाहेर पडायला बंदी. त्या काळात घराघरांत फोनवर केलेले जगबुडीपट मी बरेच पाहिले. बहुतेकांत खिडकी आहे. १८९७ च्या प्लेगमध्येही शहर असंच ओस पडलं होतं, लोक बाहेर झोपड्यांत राहायला गेले होते. तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात होता आणि घराघरांत कोण शिरत होतं, हा वेगळा विषय.

आता जागांबद्दल. वाघोली, मोशीच्या दगडखाणी सगळ्यांनी वापरून झाल्या. धूळ फुकट, पण खडीच्या यंत्रांमुळे आवाज नंतर भरावा लागतो. सध्या ओढा धरणांकडे आहे. मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ शिखरापासून खाली उघडं पडत जातं, भेगाळलेल्या गाळात उभं. पवना धरणात शिळिंबचं वाघेश्वराचं मंदिरही तसंच वर येतं. ड्रोनने घेतलं तर दुसऱ्या कशाचीच गरज उरत नाही. तिथे एकदा गेलो होतो तेव्हा आमच्यातला एकजण 'पर्फेक्ट लोकेशन' म्हणाला, आणि मासेमारीच्या होडीतले एक काका शांतपणे, बोटाने गाळाकडे दाखवत म्हणाले, 'आमचं घर हितं होतं.' त्यांची जगबुडी तारीख ठरवून, नोटीस देऊन आली होती.

पाऊस सुरू झाला की देऊळ पुन्हा बुडतं. एखादा शॉट राहिला असेल तर पुढच्या मेपर्यंत थांबायचं, आणि पाऊसमान चांगलं झालं तर तेव्हाही ते वर येईलच असं नाही.