मतमोजणी चोख, म्हणून निवडणूक निष्पक्ष?

एखादा नेता पंधरा-वीस वर्षं सत्तेवर असला की गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत तोच वाद ऐकू येतो. एक जण म्हणतो, ‘मशीनमध्येच घोळ आहे.’ दुसरा म्हणतो, ‘लोक रांगा लावून मत देतात, आणखी काय पाहिजे?’ दोघंही ‘मुक्त आणि निष्पक्ष’ ही जोडी एका दमात उच्चारतात आणि दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देऊन मोकळे होतात. मला या गल्लतीचा मनापासून वीट आला आहे, कारण तिचा फायदा दर वेळी सत्तेवर बसलेल्यालाच होतो. विरोधक मशीनवर ओरडत राहतात, मशीन तपासात बरोबर निघतं आणि बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर निकालात निघतात.

मुक्त निवडणूक म्हणजे काय, हे गोव्यात कुणाला शिकवायला नको. उभं राहायचं त्याला अर्ज भरता येतो, मत देणाऱ्याला धाक नसतो आणि दिलेलं मत दिलं तसंच मोजलं जातं. पोलिंग एजंट म्हणून बसलेल्याला ही रीत पाठ असते. मतदानाआधी एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं, आकडे जुळले की ती मतं पुसून यंत्राला सील लागतं, आणि संध्याकाळी झालेल्या मतांची नोंद असलेल्या १७-सी नमुन्याची प्रत एजंटाच्या हातात पडते. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत कागदी चिठ्ठीवर दाखवणारी यंत्रं होती. असं आपलं राज्य देशात पहिलं.

हा मूळ भागच नसला तर काय होतं, हे पोर्तुगीज राजवटीत वाढलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत होतं. सालाझार १९३२ ते १९६८ पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि निवडणुका त्याच्याही राज्यात व्हायच्या. १९५८ मध्ये जनरल उंबेर्तो देल्गादो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं विचारल्यावर ‘त्याला काढून टाकणार’ असं त्यानं उघड सांगितलं. सरकारी आकड्यांत त्याच्या वाट्याला जेमतेम पाव मतं आली, नंतर राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याला ठार केलं. तिथे चर्चा करण्यासारखं काही उरतच नाही.

घोळ होतो तो मोजणी चोख असते तिथे.

आपल्याच देशातला दाखला घ्या. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी रायबरेलीत राजनारायण यांना एक लाखाहून जास्त मतांनी हरवलं. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द केली. कशासाठी? मतं चोरली म्हणून नाही. पंतप्रधानांच्या सचिवालयातले यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले होते, आणि सभांची व्यासपीठं व लाउडस्पीकरची वीज यांची सोय उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी केली होती. तेव्हाही लोक म्हणाले, एवढ्या मताधिक्यापुढे व्यासपीठाचं काय घेऊन बसलात? मला हा निकाल योग्य वाटतो. मताधिक्य किती होतं, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. सरकार सगळ्यांचं असताना ते एकाच उमेदवारासाठी राबलं का, हा होता. पुढे संसदेनं कायदा पूर्वलक्षी प्रभावानं बदलला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींची निवड कायम झाली. एक मतही इकडचं तिकडे झालं नाही, नियम मात्र खेळ संपल्यावर बदलले.

निष्पक्षता बघायची ती इथे: नियम कोण करतो, पंच कोण नेमतो, सरकारी तिजोरी आणि यंत्रणा कुणासाठी राबते. यातलं काहीच मतदानाच्या दिवशी बूथवर दिसत नाही. ते आधीची पाच वर्षं चाललेलं असतं, आणि म्हणूनच शांत रांगेचा फोटो दाखवून निवडणूक निष्पक्ष असल्याचं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

हंगेरीत व्हिक्टर ऑर्बान २०१० मध्ये दोन तृतीयांश बहुमतानं सत्तेवर आले. त्यांच्या पक्षानं नवी राज्यघटना आणली, संसदेच्या ३८६ जागा १९९ वर आणल्या आणि मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या. २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर त्यांना १३३ जागा, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश मिळाल्या. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी बोट ठेवलं ते प्रचारावरच्या जाचक नियमांवर, एका बाजूला झुकलेल्या माध्यमांवर आणि पक्ष व सरकार यांच्यातल्या पुसट झालेल्या रेषेवर.

मतांची टक्केवारी आणि जागा जुळत नाहीत, एवढ्यावरून मात्र कुणी आरोप करू नये. गोव्यात २०२२ मध्ये भाजपला सुमारे ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या. त्यामागे विरोधी मतांची फाटाफूट होती, आणि ती विरोधकांनी स्वतः केलेली होती. आपल्या निवडणूक पद्धतीत असं होतंच. सीमा आखणारा हातच उमेदवार असेल, तेव्हा तक्रार खरी.

पंचाचंही तेच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की संसद कायदा करीपर्यंत निवडणूक आयुक्तांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीनं करावी. त्याच वर्षी झालेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला. म्हणजे तिघांत दोन मतं सरकारची. आयुक्त प्रामाणिक असतील, मी त्यांच्यावर संशय घेत नाही. पण फुटबॉलच्या सामन्यात रेफ्री एका संघाच्या मालकानं नेमला, तर तो कितीही सज्जन असला तरी मडगावचं स्टेडियम ते मान्य करणार नाही.

दोन युक्तिवाद मला अजिबात पटत नाहीत. पहिला, ‘सत्ताधारी हरला ना, मग निवडणूक निष्पक्षच.’ १९७७ मध्ये इंदिरा गांधी हरल्या, पण विरोधकांतले कित्येक जण प्रचाराच्या तोंडावर तुरुंगातून सुटले होते. मलेशियातल्या सत्ताधारी आघाडीनं २०१३ मध्ये ४७ टक्के मतांवर २२२ पैकी १३३ जागा घेतल्या आणि २०१८ मध्ये तीच आघाडी ६१ वर्षांनी हरली. विषम सामनाही कधीकधी दुबळा जिंकतो, म्हणून सामना सम होत नाही. दुसरा युक्तिवाद याच्या उलट: इतकी वर्षं सत्तेवर आहे म्हणजे लबाडीच असणार. गोव्याचे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे १९७२ पासून पन्नास वर्षं सतत विधानसभेत होते. सत्तरी तालुक्यातल्या लोकांना ते हवे होते, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत.

सामना सम कसा करायचा, याचा दाखला शोधायला दूर जायला नको. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या जनमत कौलाआधी विलीनीकरणाच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षानं लावून धरलं की विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं (मगो) सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. विलीनीकरणाविरुद्धच्या ‘दोन पानं’ या चिन्हाला १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हाला १,३८,१७०. विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. ज्या मराठी घरांनी फुलावर शिक्का मारला, त्यांना तो निकाल फार लागला. पण सरकार आपल्या बाजूचं असताना ते बाजूला झालं होतं, त्यामुळे कौलात दगा झाला असं म्हणायला कुणालाच जागा उरली नाही. पुढच्या काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं.

आज दर निवडणुकीला कुणी राजीनामा द्यावा, असं मी म्हणत नाही. पण गोव्यात २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक व्हायची आहे, आणि ज्यांना निष्पक्षतेची खरोखर काळजी आहे त्यांनी मोजणीच्या दिवसाची वाट बघू नये. आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्या दिवसापासून लागते. तिच्या आधीच्या महिन्यांत किती पायाभरण्या झाल्या, राज्य परिवहनाच्या कदंब बसवर आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर सरकारी पैशानं कुणाचा चेहरा झळकला, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे पैसे देताना ते सरकारचे म्हणून दिले की पक्षाचे म्हणून, हे तारखेसकट लिहून ठेवा. आचारसंहिता लागली की त्या फलकांवर कापड टाकतात, पण त्यांच्यावर झालेला खर्च कुठल्याच उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही.