बोन ब्लॅक: काळा रंग, पण जकातीच्या तक्त्यात रंगांपासून दूर

चित्रकार, शाईवाले आणि पॉलिश बनवणारे यांच्या लेखी बोन ब्लॅक, म्हणजे हाडं हवाबंद भाजून केलेल्या कोळशाची पूड, हे सरळसरळ एक काळं रंगद्रव्य आहे. रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत, म्हणजे कलर इंडेक्समध्ये, त्याची नोंदही 'पिगमेंट ब्लॅक ९' अशीच आहे. आयातीच्या कागदपत्रांत मात्र ही पूड रंगांच्या ३२ व्या प्रकरणात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. तिचा एचएस कोड (हार्मोनाइज्ड सिस्टिम या जागतिक वर्गीकरणातला मालाचा क्रमांक) ३८०२.९० असा आहे आणि शेजार आहे सक्रिय कार्बन व सक्रिय मातीचा, म्हणजे रंग व अशुद्धी शोषून घेणाऱ्या पदार्थांचा. नवख्या आयातदाराला ही गफलत वाटते. माझ्या मते ही मांडणी अगदी विचारपूर्वक झालेली आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी साखरेकडे वळावं लागतं.

हस्तिदंत जाळून काळा रंग करण्याची युक्ती प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीझ याची, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. म्हणजे रंग म्हणून हा पदार्थ फार जुना. पण त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकात आणि वेगळ्याच कारणाने. १८११ मध्ये माँपेलिएच्या फिग्ये यांनी दाखवून दिलं, की द्रवातला रंग शोषून घेण्यात हाडांचा कोळसा लाकडी कोळशापेक्षा कितीतरी सरस आहे. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे वसाहतींतली उसाची साखर युरोपात दुर्मिळ झाली होती आणि बीटच्या साखरेवर जोरात प्रयोग चालू होते. बीटचा तपकिरी रस पांढरा करायला नेमकी हीच वस्तू हवी होती. पुढे दाणेदार कोळशाचे गाळणथर आले आणि साखर शुद्धीकरणात हाडांचा कोळसा पक्का रुजला. तो पुन्हापुन्हा तापवून वापरला जाई. अगदी निकामी झाला, की खतासाठी जाई किंवा दळून काळ्या रंगासाठी. रंग हा त्या व्यापारातला जोडधंदा होता.

ही खूण जकातीच्या तक्त्यात आजही टिकून आहे. ३८०२ च्या शीर्षकात प्राणिज काळ्या कोळशाबरोबर (बोन ब्लॅक हा त्याचाच प्रकार) 'वापरून झालेला' कोळसाही नावानिशी धरला आहे. रंगाच्या दुकानातल्या ग्राहकाला त्याचं काय? पण साखर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालावर शुल्क लावणाऱ्या अधिकाऱ्याला ते शब्द हवेच होते.

१९५० च्या ब्रसेल्स करारातून जो वर्गीकरणाचा तक्ता तयार झाला, त्यात प्राणिज काळ्याला ३८.०२ हे स्वतंत्र शीर्षक होतं आणि सक्रिय कार्बन पुढच्या ३८.०३ मध्ये होता. १ जानेवारी १९८८ पासून हार्मोनाइज्ड सिस्टिम लागू झाली, तेव्हा दोन्ही एकाच ३८०२ खाली आले. अमेरिकेने ही पद्धत १९८९ पासून स्वीकारली.

खरा वाद होतो तो २८०३ शी, म्हणजे तेल किंवा वायू अर्धवट जाळून मिळणाऱ्या काजळीशी, कार्बन ब्लॅकशी. दोन्ही पुडी काळ्याकुट्ट, हाताला तितक्याच लागणाऱ्या. फरक रासायनिक आहे. भट्टीतला कार्बन ब्लॅक जवळजवळ निव्वळ कार्बन असतो. बोन ब्लॅकमध्ये कार्बन साधारण १० ते २० टक्केच, बाकी मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. चिमूटभर पूड उघड्या मुशीत लाल होईपर्यंत तापवली, की कार्बन ब्लॅक जळून जवळपास नाहीसा होतो. बोन ब्लॅकचा काळेपणा जातो आणि तळाशी पांढुरकी राख बऱ्यापैकी शिल्लक राहते. ती आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घालून तापवलं, तर फॉस्फेटचा पिवळा साका बसतो. शिवाय २८०३ हे इतरत्र न सांगितलेल्या कार्बनचं शीर्षक आहे, आणि प्राणिज काळा तर इतरत्र नाव घेऊन सांगितलेला आहे.

या फरकाला पैशाची बाजू आहे. अमेरिकेच्या तक्त्यात ३८०२.९०.१० ही ओळ फक्त बोन ब्लॅकसाठी आहे आणि तिचा सर्वसाधारण दर ५.८ टक्के आहे. २८०३ वर शुल्कच नाही. एक लाख डॉलरच्या मालावर हा ५,८०० डॉलरचा फरक पडतो. मूळ देशानुसार लागणारी जादा शुल्कं ९९ व्या प्रकरणात वेगळी पाहावी लागतात, आणि हल्ली तीच कधीकधी मूळ दरापेक्षा भारी ठरतात.

बोन ब्लॅक ३२ व्या प्रकरणात कधीच जात नाही, असंही नाही. राळेत किंवा इतर माध्यमात मिसळून रंग देण्यासाठी तयार केलेलं मिश्रण ३२०६ मध्ये जाऊ शकतं. रंगनिर्मितीसाठी तेलासारख्या पाणीविरहित माध्यमात घोटलेली पेस्ट ३२१२ मध्ये जाते आणि चित्रकारांसाठी ट्यूबमध्ये भरलेला रंग ३२१३ मध्ये. त्या ट्यूबवर 'आयव्हरी ब्लॅक' छापलेलं असलं, तरी आत आज बहुधा हाडांचाच काळा असतो. खऱ्या हस्तिदंताचा काळा सुट्या पुडीच्या रूपात आला, तर वर्गीकरणाने तोही ३८०२ मध्येच बसतो. मात्र तिथे जकातीच्या आधी वन्यजीव व्यापाराचे निर्बंध आड येतात.

म्हणून बीजकावर नुसतं 'काळं रंगद्रव्य' लिहिणं पुरेसं नाही. कच्चा माल हाडं आहे का, कार्बन आणि राख किती टक्के, दुसरं काही मिसळलं आहे का आणि माल सुटी पूड आहे की पेस्ट, एवढं लिहिलेलं असेल तर अधिकाऱ्याला योग्य शीर्षक ठरवता येतं.