मोठं काम आणि तातडीचं काम: क्वार्टरच्या दुरुस्तीत आधी काय?

भुसावळचे रेल्वे क्वार्टर असोत, दीपनगरची वीज केंद्राची वसाहत असो की धुळे-जळगावची पोलीस लाइन, दुरुस्तीवरून कुरकुर एकच असते: "आमचं एवढं मोठं काम पडून आहे, आणि शेजारच्यांकडे लगेच माणूस आला." इथे मोठं काम आणि तातडीचं काम यांची गल्लत होते. रहिवासी करतात तशी कार्यालयंही करतात, आणि ती महागात पडते.

काम मोठं की लहान, हे खर्चावरून ठरतं. छताचं वॉटरप्रूफिंग किंवा अख्खी ड्रेनेज लाइन म्हटली की अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हे सगळं आलं. बांधकाम खात्यात असं काम 'विशेष दुरुस्ती'त जातं, त्याला वेळ लागणारच. तातडी ठरते ती वेगळ्या प्रश्नावरून: आजची रात्र हे असंच राहिलं तर घरातल्या कुणाच्या जिवावर बेतेल का?

आपल्या खान्देशात कूलरचंच बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, घरोघरी पत्र्याचे कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि त्यात अनवाणी फिरणारी लेकरं. सॉकेटला अर्थिंग नसेल आणि कूलरच्या आत वायर उघडी पडली, तर करंट थेट पत्र्यात उतरतो. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो इशारा समजावा आणि प्लग लगेच काढावा. तक्रार केली की उत्तर मिळतं, "कूलर तुमचा आहे." कूलर रहिवाशाचा खरा, पण भिंतीतली वायरिंग आणि अर्थिंग कार्यालयाचंच. वायरमनचं हे छोटंसं काम मोठ्या छताच्याही आधी व्हायला हवं.

भिंतीच्या भेगांचं याच्या उलट: बघून धास्ती वाटते, पण बहुतेक वेळा तातडी नसते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, म्हणून प्लास्टरवर केसासारख्या भेगा दिसतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि लक्ष ठेवावं. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग रुंदावत असेल, दार अडकू लागलं असेल, तर मात्र इंजिनिअरलाच बोलवायचं.

काही कामं मोठीही असतात आणि तातडीचीही. छज्ज्याचे टवके पडताहेत, गंजलेल्या सळया दिसताहेत. नवा छज्जा व्हायला सहा महिने लागोत, पण सुटलेला भाग आज पाडून खालची वाट आजच बंद करता येते. धोका आज काढायचा, दुरुस्ती मंजुरीनंतर. "निधी नाही" हे उत्तर दुसऱ्या भागाला चालेल, पहिल्याला कधीच नाही.

इंग्लंडमध्ये हे आता कायद्यात आलं आहे. रॉचडेलमध्ये सामाजिक घरात, म्हणजे संस्थेने कमी भाड्याने दिलेल्या घरात, भिंतींवरच्या बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरच्यांनी तक्रारी करूनही घरमालक संस्थेने बुरशीकडे धोका म्हणून पाहिलंच नव्हतं. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. आणीबाणीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत घर सुरक्षित करायचं, जमलं नाही तर राहण्याची दुसरी सोय करायची.

आपल्याकडे खासगी भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ आहे. करारात वेगळं ठरलं नसेल आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीच्या घरांना हा कायदाच लागू नाही.

म्हणून क्वार्टरमध्ये अर्ज नीट लिहिणं फार गरजेचं आहे. नुसतं "छत गळतं" लिहिलं की अर्ज मोठ्या कामांच्या गठ्ठ्यात जातो. "हॉलमधल्या मेन बोर्डावर पाणी उतरतंय, घरात तान्हं बाळ आहे," असं लिहा. छत स्थापत्यवाल्यांकडे आणि बोर्ड विद्युतवाल्यांकडे असतो, तेव्हा अर्ज दोन्हीकडे द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका.