दात साफ केले म्हणून हलत नाहीत

नाशिकमध्ये पंचवटीपासून सातपूरपर्यंत कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळतं: "एकदा दात साफ केले की ते ढिले होतात, मग दर सहा महिन्यांनी जावंच लागतं." या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दातांवरचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या कॅल्शियममुळे तो दगडासारखा घट्ट होतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर बहुधा तेच किटण. त्याच्या आसपास हिरडी सुजते, पुढे काहींचं हाडही झिजतं. दाताचा आधार तिथेच गेलेला असतो. किटणाने दात नुसता धरून ठेवलेला असतो. ते निघालं की फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झिणझिणतं, आणि दोष जातो डॉक्टरांवर! खरं तर स्केलरचं, म्हणजे सफाईच्या यंत्राचं, टोक पाण्याच्या फवाऱ्यात कंप पावून फक्त किटण फोडतं, दात ढिला करत नाही.

सहा महिन्यांचा नियमही सरसकट नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2004 मध्ये मोठ्यांच्या तपासणीसाठी 3 ते 24 महिन्यांचं अंतर सांगितलं, ज्याच्या-त्याच्या तोंडाची स्थिती बघून. हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्यांनी ठरावीक काळाने सफाई केली तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही, असं 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) दिसलं.

मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्री (तोही भाजलेला तंबाखूच) चालू असेल, तर मात्र तीन-चार महिन्यांनीही जावं लागू शकतं. आणि ब्रश करताना रक्त येत असेल तर कॅलेंडर बघत बसू नका, सरळ दाखवून या.